बिग रेडजवळची भाड्याची डर्ट बाईक: आधी एअरबॉक्स उघडून दाखवा म्हणा

वाळूत चालवायची गाडी भाड्याने घेताना मी आता एकच मागणी करतो. डावीकडचं साइड कव्हर काढा आणि एअरबॉक्समधला, म्हणजे त्यामागच्या खोक्यातला, एअर फिल्टर दाखवा. सायलेन्सरचा आवाज, नवे स्टिकर, इन्स्टाग्रामवरच्या उड्या हे सगळं नंतर. ही मागणी ऐकून ज्याच्या कपाळावर आठी पडते त्याच्याकडून मी गाडी घेत नाही.

दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या ई-४४ रस्त्यावर, अल बदायरच्या बाजूला, बिग रेड नावाच्या लाल वाळूच्या टेकडीजवळ, एका गॅरेजवाल्याने ती आठी पाडली नाही. उलट त्याच्या मेकॅनिकने हात पुसले, कव्हर बोटांनी ओढून काढलं आणि मला म्हणाला, "देखो साब, तसल्ली से देखो." गेल्या दोन हंगामांत मी तिथून पाच वेळा गाडी घेतली. हा रिव्ह्यू त्या पाच फेऱ्यांचा आहे. नाव टाकत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्या मालकाला तोंडावर सांगून झाल्यात. ओळखायचंच असेल तर शेडच्या मागच्या बाजूला बघा. दोरीवर फोमचे एअर फिल्टर ओळीने वाळत घातलेले दिसतील, बाळंतिणीच्या घरी टोपडी वाळत असावीत तसे.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप होतं. मी अकरा वर्षं शारजात आहे, काम कॉम्प्रेसरच्या मेंटेनन्सचं. म्हणजे फिल्टर, सील आणि बेअरिंग यांच्यावरच घर चालतं. त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा एकांगी होणार. सूर्योदयाचे फोटो कसे येतात ते इतरांनी भरपूर लिहिलंय.

आधी जुनं दुखणं सांगतो, म्हणजे एअरबॉक्सचं वेड कुठून लागलं ते कळेल. तीन वर्षांपूर्वी याच भागातल्या दुसऱ्या एकाकडून गाडी घेतली होती. स्वस्त होती. पहिल्या अर्ध्या तासातच चढावर दम तोडायला लागली, मागे निळसर धूर. परत आलो तर काउंटरवरचा म्हणतो, तुम्ही जास्त पिळली, इंजिन गेलं, नऊशे दिरहम द्या. मी तिथेच साइड कव्हर काढलं. फिल्टरची कडा जागेवर बसलीच नव्हती, फोमवर तेलाचा पत्ता नव्हता आणि इनटेकच्या, म्हणजे इंजिनाला हवा नेणाऱ्या नळीच्या, रबरात बोट फिरवलं तर बोटाला पिठासारखी लाल धूळ. इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या आवर मीटरवर काळी टेप चिकटवलेली. दोन तासांत एवढी धूळ कुणी खाऊ शकत नाही, ती काही महिन्यांची कमाई होती. तासभर भांडलो, तीनशेवर मिटलं. ते तीनशेही द्यायला नको होते, पण मला ड्यूटीवर जायचं होतं.

वाळूत गाडी कशाने मरते हे बहुतेकांना उलटं वाटतं. टाचेखाली करकरणारा जाडा कण फिल्टरच्या बाहेरच अडतो. त्या कणांबरोबर उडणारी पावडर आत जाते. ती क्वार्ट्झची, काठिण्य मोहच्या मापावर ७, म्हणजे चाकूच्या पोलादापेक्षा कडक. वर लोखंडाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यानेच इथली वाळू लाल दिसते. फोटोत ती छान दिसते. सिलिंडरच्या भिंतीवर तीच पॉलिश पेपरचं काम करते. आधी रिंगा झिजतात, व्हॉल्व्हच्या बैठका खातात, मग कॉम्प्रेशन उतरतं, गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते आणि शेवटी तो निळा धूर.

तर हे नवं गॅरेज. साधी पत्र्याची शेड, बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, आत बारा गाड्या. बहुतेक केटीएम ३५० ईएक्ससी-एफ, तीनचार साडेचारशे सीसीच्या आणि कोपऱ्यात पोरांसाठी दोन छोट्या. केटीएम म्हटलं की आपल्याकडे चाकणच्या ड्यूक डोळ्यांपुढे येतात. नारिंगी रंग तोच, पण ही ऑस्ट्रियातल्या मॅटिगहोफेनची. वजन पेट्रोल धरून साधारण स्प्लेंडरएवढं, ताकद तिच्या कितीतरी पट. सीट जमिनीपासून जवळपास मीटरभर उंच. माझी उंची पाच फूट सहा इंच. उभ्या गाडीवर माझे दोन्ही पाय एका वेळी जमिनीला लागत नाहीत, म्हणून मी नेहमी एखादा उंचवटा बघून गाडीवर चढतो. यात लाजण्यासारखं काही नाही. मालकानेच तसा लाकडी ठोकळा ठेवलाय.

पहिल्यांदाच येणाऱ्याने साडेचारशे घेऊ नये. मालक प्रत्येकाला हे सांगतो. साडेचारशेचं भाडं जास्त असूनही तो गिऱ्हाईकाला खालची गाडी सुचवतो, हे मी तीनदा बघितलं. माझ्या पुढे उभ्या एका धिप्पाड माणसाने फारच हट्ट धरला, तेव्हा मालकाने त्याला आधी आवारातच आठचे आकडे काढायला लावले. दुसऱ्याच आकड्याला गाडी आडवी. तो मुकाट साडेतीनशेवर बसला.

गेल्या डिसेंबरात मेव्हणा कोल्हापूरहून आला होता, त्याला घेऊन गेलो. २०२२ च्या जानेवारीपासून यूएईच्या केंद्र सरकारची साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार झाली, तेव्हापासून शनिवारी सकाळी त्या भागात जत्रा असते. म्हणून आम्ही रविवार धरला. पहाटे पाचला शारजातून निघालो, पाऊण तासात शेडवर. हिवाळ्यात इथे पहाटे दव पडतं, कधी धुकंही. दवाने वाळूचा वरचा पापुद्रा दाबून बसलेला असतो आणि चाकं कमी रुततात. नऊनंतर तीच वाळू रव्यासारखी सुटी होते. नवशिक्याला पहाटेचा स्लॉटच द्या असं मी मालकाला सांगितलं आणि त्याने तो दिला.

दोन तासांचे माणशी साडेसहाशे दिरहम. त्यात हेल्मेट, गॉगल, बूट, छाती-पाठीचं चिलखत, गुडघ्याची गार्ड, पेट्रोल आणि पुढे एक वाटाड्या. ऐकायला बरं वाटतं. पण बूट. बुटांबद्दल मला बोलायचंय. माझ्या मापाचा जोड पाचपैकी दोनच वेळा मिळाला. मेव्हण्याला एक नंबर मोठा जोड दिला आणि वर दोन मोजे घाला म्हणाले. मोठ्या बुटात पाय फिरतो, गिअरचा लिव्हर जाणवत नाही. गॉगलच्या काचा इतक्या चरे पडलेल्या की समोर उन्हात जाळं दिसतं. आता मी स्वतःचे हातमोजे आणि गॉगल घेऊन जातो आणि हेल्मेटच्या आत घालायला सुती टोपी. त्या हेल्मेटच्या वासावर वेगळा रिव्ह्यू लिहिता येईल.

निघण्याआधी मेव्हण्याच्या गाडीचा थ्रॉटल फिरवून बघितला. करकर आवाज आणि सोडल्यावर मूठ पूर्ण परत येत नव्हती, शेवटचा पाव इंच रेंगाळत होती. ही छोटी गोष्ट नाही. उतारावर गॅस सोडला आणि तो सुटलाच नाही, तर माणूस कुठे जाऊन पडेल? मेकॅनिकला दाखवलं. त्याने वाद घातला नाही. दहा मिनिटांत ग्रिप सरकवली, आतली प्लास्टिकची नळी काढली, हँडलचा पाइप आणि नळी दोन्ही कोरड्या फडक्याने पुसली. तिथे ग्रीस लावत नाहीत, कारण ग्रीसला वाळू चिकटते. परत बसवून टक्क करून मूठ सोडून दाखवली. काम चोख झालं, पण ते माझ्या तपासणीत सापडायला नको होतं. गुण कापायला इथूनच सुरुवात झाली.

टायरची हवा मी मोजून घेतो. रस्त्यावरच्या गाडीला तीसच्या आसपास पीएसआय भरायची सवय असलेल्याला धक्का बसेल, पण इथे दहा. हवा कमी म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. रिंगवर टायर घसरू नये म्हणून आत रिम लॉक असतो. त्याचा नट हाताने हलवून बघा, दोन सेकंदांचं काम. मागच्या टायरला वल्ह्यासारखी पाती असलेला पॅडल टायर हवा असेल तर इथे तो फक्त साडेचारशेला मिळतो. मला त्याची गरज वाटलेली नाही.

हँडलच्या मागे उंच काठीला झेंडा. हा शोभेचा नाही. वाळूच्या टेकडीपलीकडून कोण येतंय ते झेंड्याच्या टोकावरूनच कळतं. झेंडा लावायचा कंटाळा करणाऱ्यांबरोबर जाऊ नका.

आता चालवण्याबद्दल. आंबा घाटात आणि पन्हाळ्याच्या वळणांवर आम्ही जे शिकलो ते सगळं इथे उलटं. तिथे वळणाआधी ब्रेक, इथे पुढच्या ब्रेकला हात लावला की पुढचं चाक नांगरासारखं घुसतं आणि माणूस हँडलवरून पुढे. तिथे गाडी डगमगली की गॅस सोडायचा, इथे डगमगली की गॅस द्यायचा, वजन मागे न्यायचं आणि हँडल ढिलं धरायचं. पुढचं चाक आपसूक सरळ होतं. हे डोक्याला पटायला पाच मिनिटं लागतात, हातांना पटायला दोन महिने.

मेव्हण्याने शेडच्या बाहेरच मुद्द्याचा प्रश्न विचारला. "दाजी, ब्रेक मारायचा न्हाई, तर थांबायचं कसं ओ?"

"गॅस सोड. वाळूच थांबवते."

"आणि चढावर थांबलो तर?"

"चढावर थांबायचंच नाही. जमत नाही वाटलं तर अर्ध्यातून वळून खाली यायचं. आणि थांबशील तेव्हा तोंड उताराकडे करून थांब."

बिग रेड, स्थानिक लोक तिला अल हमर म्हणतात, शंभरेक मीटर उंचीची. पहिल्या तासात वाटाड्या तिकडे नेतच नाही आणि तेच बरोबर. आधी रस्त्यापासून आत, कमी उंचीच्या टेकड्यांवर फिरवतो. इथला शमाल वारा वायव्येकडून येतो, म्हणून साधारणपणे त्या बाजूचा चढ लांब आणि निवांत, पलीकडची बाजू एकदम खडी. कोरडी वाळू जेवढ्या कोनात कशीबशी उभी राहते तेवढी, तीस-चौतीस अंश. माथ्यावर पोचेपर्यंत पलीकडचं काही दिसत नाही. माथा आला की गॅस बेताने कमी करायचा, पुढचं चाक धारेवर टेकवायचं, बघायचं आणि मगच उतरायचं. व्हिडिओ बघून आलेले लोक इथेच उडी मारतात. आमचा वाटाड्या प्रत्येक माथ्यावर आधी एकटा जाऊन उभा राहायचा आणि हाताने खूण करायचा. अबोल माणूस. वाटेत उंट दिसले तेव्हा त्याने आम्हा दोघांना इंजिन बंद करायला लावलं आणि उंट निघून जाईपर्यंत पाच मिनिटं थांबवलं. घाफच्या झाडांपासूनही लांबून नेलं. हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं.

मेव्हणा चौथ्या टेकडीच्या खोलगट भागात पडला. गॅस सोडला, पुढचं चाक रुतलं आणि तो शांतपणे डावीकडे आडवा झाला. पंढरीच्या वाटेवर दमलेला माणूस बसावा तसा. मी पोचेपर्यंत तो उठून तोंडातली वाळू थुंकत होता. "लई मऊ हाय ओ दाजी, काय बी लागलं न्हाई." त्याला काही लागलं नव्हतं, पण इंजिन चालू ठेवून गाडी आडवी पडली होती आणि माझं लक्ष तिकडे. पडलेल्या गाडीचं इंजिन आधी बंद करा. मग उभी करा, थ्रॉटल मोकळा फिरतोय का बघा, एअरबॉक्सच्या तोंडाशी साचलेली वाळू हाताने झटका आणि मगच स्टार्टर दाबा. क्लच लिव्हर वाकला होता. त्याचे नंतर साठ दिरहम लागले आणि अर्थातच दाजींनी भरले.

मध्ये एक थांबा असतो. पाणी, खजूर. पाण्याची बाटली माणशी एकच, ती दोन तासांना अजिबात पुरत नाही, तुमची तुम्ही न्या. पण याच थांब्यावर वाटाड्याने जे केलं त्यासाठी मी पाचव्यांदा तिथेच गेलो. त्याने पाठपिशवीतून प्लास्टिकची झिप पिशवी काढली, दोन्ही गाड्यांची साइड कव्हरं काढली आणि फिल्टरवर चढवलेला पातळ जाळीचा अभ्रा, ज्याला हे लोक स्किन म्हणतात, तो अलगद सोलून त्या पिशवीत टाकला. खाली स्वच्छ दुसरा अभ्रा. फोमला हातही न लावता वरची निम्मी धूळ गेली. दोन मिनिटं लागली. मी ही सोय मोटोक्रॉसवाल्यांकडे ऐकली होती, पण भाड्याच्या गाडीला कुणी करताना पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या तासात बिग रेडच्या निवांत बाजूने मी वर गेलो, मेव्हणा खाली थांबला. तिसऱ्या गिअरमध्ये, उभं राहून, एकदाही गॅस न सोडता. त्याबद्दल एवढंच. वर गेल्यावर शंभर फोर-व्हीलर आणि त्यांची गाणी ऐकू येतात, तो भाग मला आवडत नाही.

साडेआठला परत. बाकीची गिऱ्हाइकं कपडे झटकून गेली. कपडे बदलायला जागा नाही, हीसुद्धा तक्रारच. मी मात्र मेकॅनिकला विचारून मागे थांबलो. पेशावरकडचा, पन्नाशीचा, सगळे त्याला उस्ताद म्हणतात. मी काय काम करतो ते कळल्यावर त्याने मला स्टूल दिलं. तो पुढचा दीड तास माझ्या मते साडेसहाशे दिरहमांपैकी चारशेचा होता.

पाणी सगळ्यात शेवटी. आधी कोरडी हवा. कॉम्प्रेसरची नळी कमी दाबावर ठेवून त्याने रेडिएटरची वाळू आतल्या बाजूने बाहेर उडवली, म्हणजे नाजूक पापुद्रे वाकत नाहीत. मग चेनगार्डचा आतला भाग, इंजिन आणि त्याच्या खालच्या संरक्षक पत्र्यामधली, बॅश प्लेटमधली, फट, जिथे मूठभर वाळू सहज बसते. "पानी मारोगे तो कीचड बनेगा," तो म्हणाला. "कीचड अंदर जाएगा, रेत बाहर आएगी." आपल्याकडे परत आल्या आल्या गाडीवर प्रेशर वॉशर मारणं म्हणजेच सर्व्हिसिंग समजतात. त्या धारेने वाळू सीलच्या ओठाखाली ढकलली जाते, ॲक्सलच्या बेअरिंगमध्ये, हँडलच्या बेअरिंगमध्ये, आणि बाहेरून गाडी चकाचक.

मग फिल्टर. उस्तादने आधी एअरबॉक्सचं बाहेरचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. फिल्टर बाहेर काढताना तो तिरका न करता सरळ ओढला, म्हणजे वरची वाळू इनटेकच्या तोंडात पडत नाही. लगेच त्या तोंडात स्वच्छ कापड कोंबलं. नंतर ते कापड काढून, बोटावर पांढरा टिश्यू गुंडाळून इनटेकच्या रबराच्या आत एक फेरा. टिश्यू मला दाखवला. पांढरा. माझ्या नोकरीत आम्ही लाखो रुपयांच्या यंत्रावर नेमकी हीच चाचणी करतो. टिश्यूवर लाल रेघ आली असती तर त्या गाडीचा पुढचा स्लॉट रद्द, हा त्याचा नियम.

धुण्यासाठी तीन बादल्या. पहिल्यात फिल्टर क्लीनर, दुसऱ्यात पुन्हा तोच पण ताजा, तिसऱ्यात कोमट साबणाचं पाणी. दाबायचा, पिळायचा नाही. पिळला की चिकटवलेले जोड उसवतात. मी उद्यमनगरातल्या सवयीने विचारलं, पेट्रोलमध्ये का नाही? त्याने शेल्फवरून एक जुना फिल्टर काढला आणि शिवण ओढून दाखवली. दोन थर पापुद्र्यासारखे सुटले. पेट्रोलने डिंक खाल्ला होता. वडील आयुष्यभर आरएक्स हंड्रेडचा फिल्टर पेट्रोलमध्ये बुचकळायचे, त्यांची आठवण आली. पेट घेण्याचा धोका वेगळाच.

धुतलेला सावलीत पूर्ण वाळेपर्यंत दोरीवर. वाळलेल्यांपैकी एक काढून त्याने तेल लावलं. हे तेल म्हणजे इंजिन ऑइल नव्हे, फिल्टरचं चिकट तेल, निळं. हातमोजे घालून फोम कणकेसारखा मळला, रंग सगळीकडे सारखा होईपर्यंत. फिकट ठिपका राहिला म्हणजे तिथे तेल नाही, म्हणजे तिथून धूळ जाणार. जास्तीचं तेल दाबून काढलं. मग कडेला, जिथे फिल्टर एअरबॉक्सला टेकतो, तिथे बोटभर ग्रीसची गोल रेघ. माझ्या जुन्या भाड्याच्या गाडीत हीच रेघ नव्हती. तेल लावलेला फिल्टर लगेच वापरायचा नाही, आतला पातळ द्रव उडून गेला की मगच तो चिकट होतो, म्हणून बारा गाड्यांना चाळीसेक फिल्टर ठेवलेत. फिल्टर ट्विन एअरचे. डबे मी बघितले, नक्कल वाटले नाहीत.

चेन त्याने रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ केली. तारेचा ब्रश नाही, कारण कड्यांमधल्या रबरी रिंगा फाटतात. वाळूत निघण्याआधी चेनला चिकट स्प्रे मारला तर तेल आणि वाळूचं मिश्रण व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टसारखं काम करतं. म्हणून इथे आदल्या संध्याकाळी हलकं तेल लावून ते पुसून टाकतात. पुढच्या फोर्कचे धूळ सील खाली सरकवून त्याने आत जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी फिरवली. दोनतीन कण बाहेर आले. ते तिथेच राहिले असते तर आठवड्यात फोर्कमधून तेल गळलं असतं. वाळूचे कण रगडून तेल गळतं म्हणतात, ते असं. मागे लिंकेज, म्हणजे मधल्या जोडकाड्या नाहीत, शॉक ॲब्सॉर्बर थेट स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, त्यामुळे तिथली बेअरिंगं वाचतात. लिंकेजवाल्या गाडीला हाच माणूस अर्धा तास जास्त देतो. दोन्ही चाकं काढून ॲक्सलच्या सीलला ग्रीस तो रोज करत नाही, आठवड्यातून एकदा. मला ते थोडं कमी वाटलं. त्यालाही वाटतं, माणसं कमी आहेत म्हणाला.

ऑइल किलोमीटरवर नाही, तासांवर. आवर मीटर उघडा, टेप नाही. प्रत्येक गाडीची वही. माझ्या गाडीवर शेवटचं ऑइल नऊ तासांपूर्वीचं होतं, उस्ताद बाराला बदलतो.

पाचपैकी चार देतो. एक कापला तो थ्रॉटल, बूट आणि विम्यासाठी. विम्यात नेमकं काय बसतं हे मी दोनदा लेखी विचारलं. दोन्ही वेळा व्हॉट्सॲपवर हसरा चेहरा आणि "डोंट वरी सर". दोन तासांतली पहिली वीस मिनिटं सूचना ऐकण्यात जातात, ती वेळेत धरतात, हे बुकिंग करताना सांगत नाहीत. फोटोग्राफरला आधीच नको म्हणा, नाहीतर शेवटी दीडशेची भर पडते.

विकतच का घेत नाही, असं तीन मित्रांनी विचारलं. घेतली असती. पण ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, ट्रेलर किंवा पिकअप लागते. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, पार्किंगमध्ये पाण्याची नळी लावली की वॉचमन धावत येतो. आणि दोन तास वाळूत चालवली की वर सांगितलेलं सगळं मलाच करायचं, दर वेळी, न चुकता. बायकोने वॉशिंग मशिनच्या तळाशी साचलेली वाळू वाटीत काढून डायनिंग टेबलवर ठेवली, तेव्हा हा विषय आमच्या घरी संपला. आता शेडवरून निघताना मी कपडे आधी गाडीबाहेर झटकतो, मग पिशवीत बांधतो.

मेव्हणा परत गेला. चार दिवसांनी त्याचा फोटो आला. माझ्या वडिलांच्या बंद पडलेल्या आरएक्स हंड्रेडचा फिल्टर त्याने उघडला होता आणि शेजारी पेट्रोलची वाटी भरून ठेवली होती. खाली लिहिलं होतं, "दाजी, धुवायला घेतला तर हातातच भुगा झाला ओ."

त्याला फोन करून सांगितलं, पेट्रोल टाकीत ओत आणि उद्यमनगरात जाऊन नवा फोम आण.